पोर्तुगालची १९१० ची क्रांती फसली, असं का म्हणायचं?

दुर्भाटकर

५ ऑक्टोबर १९१० च्या सकाळी लिस्बनच्या महापालिकेच्या सज्जातून जुझे रेल्वास यांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि साडेसातशे वर्षांहून जुनी पोर्तुगीज राजेशाही संपली. इतिहासाच्या पुस्तकांत या क्रांतीला फार तर एखादा परिच्छेद मिळतो आणि त्याचा शेवट ठरलेला असतो: सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारं, मग लष्कराचं बंड, मग सालाझारची हुकूमशाही. म्हणजे फसली. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी घडलं काय ते सांगतो. १ फेब्रुवारी १९०८ रोजी राजा कार्लोस आणि युवराज लुईस फिलिप यांना तेरेइरो दो पासो चौकात, उघड्या बग्गीत, भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या. धाकटा मुलगा मान्युएल अठराव्या वर्षी गादीवर आला. लोकांचा राग मात्र त्याच्या जन्माच्याही आसपासचा होता. अंगोलापासून मोझांबिकपर्यंतचा सलग पट्टा आपला, असा नकाशा पोर्तुगालने रंगवला होता. जानेवारी १८९० मध्ये इंग्लंडने दम दिला आणि राजाच्या सरकारने मान तुकवली. ती नामुष्की लोक विसरले नाहीत. पोर्तुगालचं आजचं राष्ट्रगीत त्याच संतापातून १८९० साली लिहिलं गेलं.

३ ऑक्टोबर १९१० ला उठावाच्या नेत्यांपैकी एक, मनोविकारतज्ज्ञ मिगेल बोंबार्दा, यांना त्यांच्याच एका रुग्णाने गोळी घातली. त्या रात्री उठाव सुरू झाला, पण निरोप पोचेनात. सगळं बिनसलं असं समजून ॲडमिरल कांदिदो दोस रेइस यांनी जीव दिला. रोटुंडा चौकात जमलेले लष्करी अधिकारी पहाटे निघून गेले. मागे राहिला माशादो सांतोस, नौदलाच्या हिशेब-पुरवठा खात्यातला अधिकारी. त्याच्याबरोबर काही शे सैनिक आणि शहरातली साधी माणसं होती. तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. ५ तारखेला परदेशी नागरिकांना बाहेर काढता यावं म्हणून जर्मन वकिलातीचा अधिकारी तहाचा पांढरा बावटा घेऊन निघाला. राजाचं सैन्य शरण आलं असं वाटून लोक रस्त्यावर उतरले आणि कारभार आटोपला. मान्युएल आई-आजीला घेऊन एरिसेइरा या कोळ्यांच्या गावातून बोटीत बसला, तो कायमचा.

आता माझा मुद्दा. हे लिस्बनपुरतं नव्हतं. राजेशाहीच्या सनदेप्रमाणे कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता आणि गोव्यातल्या हिंदूंना मोठ्या सरकारी हुद्द्यांची दारं बंद होती. प्रजासत्ताकाने २० एप्रिल १९११ ला चर्च आणि राज्य वेगळं केलं, २१ ऑगस्टला नवी राज्यघटना आली आणि फोंडा, डिचोली, पेडण्याच्या हिंदूंना पहिल्यांदा कायद्यासमोर बरोबरीने उभं राहता आलं. आमच्या घरात त्याआधी कुणी सरकारी कचेरीत नोकर म्हणून गेलं नव्हतं. पणजोबांचे धाकटे भाऊ पोर्तुगीज शिकून कारकून झाले, ते त्यानंतर.

मग ही क्रांती फसली, असं नेमकं कुणाच्या अंगणात उभं राहून म्हणायचं?

मृणाल_के

वाचतेय. रोटुंडाचा प्रसंग माहीतच नव्हता. पुढे लिहा.

जुना_सातारकर

दुर्भाटकर, लेख आवडला, पण दोन ठिकाणी मतभेद.

पहिला: १९१० ने राजा घालवला हे खरं, राज्यघटना मात्र ९० वर्षं आधी आली. २४ ऑगस्ट १८२० ला पोर्तो शहरात उठाव झाला. राजा जुआंव सहावा तेव्हा ब्राझीलमध्ये होता. नेपोलियनच्या सैन्याला चुकवून १८०७ साली गेला तो तिकडेच राहिलेला. उठावाने त्याला परत यायला भाग पाडलं आणि १८२२ च्या घटनेने त्याचे अधिकार बांधले. गोव्यातून प्रतिनिधी निवडून लिस्बनला गेले, ते याच क्रांतीमुळे. त्यांतले बेर्नार्दो पेरिश द सिल्व्ह हे मूळचे गोंयकार. म्हणून 'राजेशाहीच्या जागी घटनात्मक राज्य' हा मान द्यायचाच तर १८२० ला द्या.

दुसरा: सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारं हा आकडा तुम्ही एका वाक्यात मागे टाकलात, पण तो झटकून कसा चालेल? सरासरी काढली तर एका सरकारला चार-साडेचार महिने. एवढ्यात मंत्र्याला स्वतःच्या खात्यातल्या फायलीसुद्धा कळत नाहीत. १९१७ च्या डिसेंबरात सिदोनियो पाईसने बंड करून सत्ता घेतली, वर्षभरात लिस्बनच्या रेल्वे स्थानकावर त्याचा खून झाला. १९१९ च्या जानेवारीत पोर्तोमध्ये महिनाभर चक्क राजेशाही परत आली होती. आणि ज्या माशादो सांतोसचं तुम्ही एवढ्या प्रेमाने लिहिलंत, तो कसा गेला? १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री बंडखोर सैनिक घराघरांतून नेत्यांना उचलून नेत होते. पंतप्रधान आंतोनियो ग्रांजो मारले गेले, आणि त्याच रात्री माशादो सांतोससुद्धा. प्रजासत्ताक ज्याच्यामुळे उभं राहिलं, त्यालाच प्रजासत्ताकात वाचवता आलं नाही.

दुर्भाटकर

सातारकर काका, १८२० बद्दल तुमचं म्हणणं मान्य, आणि त्यामुळे माझा मुद्दा जास्तच पक्का होतो. बेर्नार्दो पेरिश द सिल्व्ह यांना उदारमतवाद्यांनी पुढे गोव्याचे प्रीफेक्ट नेमलं. या भूमीतला माणूस गोव्याचा कारभारी, हे पोर्तुगीज अमलात तेव्हाच एकदा घडलं. १८३५ च्या जानेवारीत त्यांनी सूत्रं घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत इथल्या गोऱ्या लष्करी मंडळींनी त्यांना हाकललं. कागदावर घटना होती, राजाही घटनेला बांधलेला होता, पण गोंयकाराला खुर्चीत बसू द्यायचं नाही हे ठरलेलं होतं. राजा, चर्च आणि लष्करी घराणी यांची मोट एकत्र होती तोवर घटना पणजीच्या धक्क्यावर उतरत नव्हती. १९१० ने ती मोट फोडली.

माशादो सांतोसच्या शेवटाबद्दल काय बोलणार. वाचताना दर वेळी त्रास होतो.

सत्तरीचा_वाटसरू

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईकडचा. मला या धाग्यात फार गोड चित्र दिसतंय म्हणून लिहितो.

आमच्या राणे घराण्याचं शेवटचं बंड कधी झालं? १९१२. म्हणजे राजा जाऊन दोन वर्षं झाल्यावर, प्रजासत्ताकाच्या राज्यात, आणि ते बंदुकांनीच मोडलं. १८९५ साली मराठा शिपायांना आफ्रिकेत मोझांबिकला लढायला पाठवायचं ठरलं, त्यांनी नकार देऊन बंड केलं आणि दादा राणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा राजाने स्वतःचा भाऊ फौज देऊन पाठवला होता. राजा असो वा राष्ट्रपती, सत्तरीत येणारी बंदूक तीच. फोंड्याच्या शिकलेल्या घरांना कचेरीत जागा मिळाली याचा आनंद आहे. पण जंगलातल्या कुळाला, गावड्याला १९११ च्या घटनेतलं कोणतं कलम कामी आलं? हे कुणीतरी सांगावं.

मृणाल_के

वाटसरूंना +१. हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

ॲड_शर्वरी

वाटसरू, कुळाच्या जमिनीपुरतं तुमचं बरोबर आहे. तिथे काही हललं नाही, कुळकायदा यायला गोवा मुक्त व्हावा लागला. पण एक गोष्ट सत्तरीपर्यंत पोचली आणि आजही रोज पोचते. मी म्हापशात वकिली करते, हे कागद रोज हाताळते.

गोव्यात लग्न करायचं तर नोंदणी कचेरीत दोनदा जावं लागतं. पहिल्यांदा दोघांनी इच्छा नोंदवून सही करायची, मग नोटीस लागते, मुदत संपली की साक्षीदार घेऊन पुन्हा सही. हिंदू असो, मुसलमान असो. चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांना दुसरी सही चर्चमध्ये करता येते, पहिली नोंद मात्र त्यांनाही चुकत नाही. भटजींनी किंवा पाद्रींनी काहीही केलेलं असलं तरी या नोंदणीशिवाय कायद्याचं काम अडतं. लग्न हा दिवाणी करार आहे हे सांगणारा कायदा २५ डिसेंबर १९१० चा. घटस्फोटाचा कायदा त्याच्याही आधीचा, ३ नोव्हेंबर १९१०. क्रांती होऊन महिनाही झाला नव्हता! नवऱ्याला आणि बायकोला घटस्फोट मागण्याची सारखीच कारणं त्यात दिली आहेत. उरलेल्या भारतात हिंदू बाईला सर्वत्र घटस्फोट मागता यायला १९५५ साल उजाडलं.

नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरायची पद्धत त्याहून जुनी आहे, १८६७ च्या दिवाणी संहितेतली, म्हणजे राजेशाहीतली. दोन्ही एकत्र करून सगळं श्रेय प्रजासत्ताकाला देऊ नये. वारसाहक्काचा भाग आता गोवा विधानसभेच्या कायद्याने बदलला आहे. पण लग्नाच्या बाबतीत आजही माझ्या टेबलावर १९१० च्या त्या क्रांतीचे कायदे असतात. माझ्या अशिलांमध्ये अशा बायका आहेत ज्यांना घरातून काही मिळालं नसतं, पण त्या नोंदणीच्या दाखल्यावर मिळालं. म्हणून क्रांती फसली असं मी म्हणू शकत नाही.

वसईचा_फ्रान्सिस

शर्वरीताई, तुमचं सगळं मान्य, तरी दुसरी बाजू मांडतो. मी कॅथलिक, घरी मराठीच बोलतो. आमच्याकडून पोर्तुगीज १७३९ सालीच गेले, त्यामुळे या क्रांतीची झळ आम्हाला थेट लागली नाही. पण लिस्बनमध्ये काय झालं ते वाचावं. जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंना देशाबाहेर घालवलं, मठ बंद केले, धर्मगुरूंना रस्त्यावर झगा घालून फिरायला बंदी केली. पोर्तोच्या बिशपना पदावरून काढलं. खेड्यातली म्हातारी बाई, जिचा सरकारशी संबंध फक्त करापुरता, तिच्या फादरला पोलिसांनी झगा उतरवायला लावला. तिला प्रजासत्ताक म्हणजे काय वाटलं असेल?

चर्चला राज्यापासून वेगळं करणं योग्यच, मीही त्याच बाजूचा. पण वेगळं करणं आणि पायाखाली घेणं यांत फरक आहे. हे कायदे करणारे न्यायमंत्री आफोंसो कोस्ता हुशार होते, कायदे भराभर करत गेले, पण खेडी हातची गेली. पुढे सालाझारने हीच दुखावलेली खेडी ओंजळीत घेतली. तो स्वतः सेमिनरीत शिकलेला. १९४० साली त्याने पोपशी करार करून चर्चला बरंच परत दिलं.

लिस्बनहून_अनघा

मी इथेच राहते, म्हणून थोडी आजची गोष्ट. ५ ऑक्टोबरला सुट्टी असते. काटकसरीच्या काळात सरकारने चार सुट्ट्या रद्द केल्या, त्यांत हीसुद्धा गेली होती. २०१६ पासून परत मिळाली. २०१२ च्या समारंभात त्याच महापालिकेच्या सज्जातून राष्ट्राध्यक्षांनी झेंडा वर चढवला तो उलटा! देश कर्जात बुडालेला, त्यात झेंडा उलटा. माझ्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

आणि हे ऐका: ५ ऑक्टोबर हाच दिवस राजेशाहीवालेसुद्धा साजरा करतात. ११४३ साली याच तारखेला झामोराचा तह होऊन पोर्तुगालला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता मिळाली. एकाच दिवशी एक गट राजाच्या जन्माचा पेढा वाटतो आणि दुसरा बाराव्याचा.

फ्रान्सिस म्हणतात त्यात तथ्य आहे. माझ्या घरमालकीणबाई उत्तरेकडच्या खेड्यातल्या आहेत. 'त्या लोकांनी आमची देवळं कुलूपबंद केली' हे त्या त्यांच्या आजीकडून ऐकून आजही सांगतात.

मृणाल_के

मतदानाचं काय झालं? प्रजासत्ताक म्हणजे सगळ्यांना मत ना?

लिस्बनहून_अनघा

नाही मृणाल, तिथेच तर सगळं अडलं. मे १९११ च्या निवडणुकीसाठीच्या कायद्यात लिहिलं होतं: एकवीस वर्षांवरील, लिहिता-वाचता येणारा किंवा कुटुंबप्रमुख असा नागरिक. पुरुष असा शब्द लिहायचा राहिला. कारोलिना बिआत्रिझ आंजेलो नावाची डॉक्टर, विधवा, एका मुलीची आई. शिकलेली होती आणि घराची प्रमुखही तीच. ती कोर्टात गेली, न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि २८ मे १९११ ला तिने मत टाकलं. पोर्तुगालमध्ये मत देणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती वारली, तिशी नुकती ओलांडलेली.

आणि प्रजासत्ताकाने पुढे काय केलं? १९१३ साली कायदा बदलून 'पुरुष' हा शब्द घातला. त्याच कायद्याने निरक्षर कुटुंबप्रमुखांचं मतही गेलं. तेव्हा देशात जवळजवळ पाऊणशे टक्के लोक निरक्षर होते.

जुना_सातारकर

अनघाताई, धन्यवाद, मला नेमकं हेच म्हणायचं होतं पण पुरावा हाताशी नव्हता. राजेशाहीने १८७८ साली निरक्षर कुटुंबप्रमुखालाही मत दिलं होतं. प्रजासत्ताकवाद्यांना भीती वाटली की खेड्यातला माणूस फादरच्या सांगण्यावरून राजेशाहीला मत देईल, म्हणून त्याचं मतच काढून घेतलं. २८ मे १९२६ ला लष्कर बंड करून ब्रागा शहरातून निघालं तेव्हा प्रजासत्ताक वाचवायला खेडी का धावली नाहीत, याचं उत्तर इथे आहे. ज्याला मत नव्हतं त्याने कशासाठी धावायचं?

भटकंती_बँकॉक

थोडं अवांतर. सयाममध्ये (आताचं थायलंड) २४ जून १९३२ ला असंच झालं. फ्रान्समध्ये शिकलेल्या प्रीदी आणि फिबुन यांच्यासारख्या तरुणांनी जवळजवळ रक्त न सांडता राजाची निरंकुश सत्ता संपवली, राजाला ठेवून घटना आणली. जनतेला त्या सकाळी फारसं काही कळलंही नव्हतं. त्या जागी चौकात पितळी फलक बसवला होता. एप्रिल २०१७ मध्ये तो एकाएकी गायब झाला आणि त्या जागी राजनिष्ठेचा दुसरा फलक आला. लोकांना सोबत न घेता वरच्यावर केलेली क्रांती, हे दोन्हीकडे सारखंच.

कऱ्हाडची_नीला

अवांतर चाललंच आहे तर आमचं औंध का सोडायचं? भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून जानेवारी १९३९ मध्ये स्वतःचे अधिकार प्रजेकडे दिले. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश माणूस त्यात राबला. तिथे सुरुवात गावच्या पंचायतीपासून केली होती, वरून खाली नाही. इवलंसं संस्थान, पण पोर्तुगालच्या मंत्र्यांपेक्षा हा क्रम त्यांना नीट उमगला होता.

जुना_सातारकर

नीला, औंधचं नाव घेतलंत, मन भरून आलं. पण तिथे राजाने स्वतःहून दिलं. क्रांती म्हणून तुलना करणं अवघड. वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

सत्तरीचा_वाटसरू

माझा प्रश्न अजून तिथेच आहे. शर्वरीताईंनी लग्नाच्या कायद्याचं सांगितलं ते पटलं, माझ्या बहिणीच्या बाबतीत तोच दाखला उपयोगी पडला. पण राज्य परक्याचंच राहिलं. लिस्बनच्या प्रजासत्ताकाने राजाला नाही म्हटलं, वसाहतीला नाही म्हटलं नाही. १८९० चा राग कशाचा होता? आफ्रिकेतला मुलूख हातचा गेला म्हणून. ज्यांच्या क्रांतीची ठिणगी दुसऱ्याची जमीन न मिळाल्याची, त्यांच्याकडून सत्तरीने काय अपेक्षा ठेवावी?

दुर्भाटकर

वाटसरू, या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद तुमचा. त्याला बगल न देता लिहितो.

प्रजासत्ताक वसाहतवादीच होतं, यात शंका नाही. पण बरोबरीचा कायदा एकदा लिहिला की तो ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्याच हातात राहत नाही. १९१० नंतरच्या वीस वर्षांत गोव्यात काय झालं पाहा. मराठी शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, मराठी नियतकालिकं निघाली. फोंड्यात दादा वैद्यांसारखी माणसं शिक्षणाच्या मागे लागली. चांदरचे लुईस मिनेझिस ब्रागांझा जन्माने कॅथलिक, प्रजासत्ताकाचे कट्टर समर्थक, त्यांनी हिंदूंच्या हक्कांसाठी लेखणी झिजवली. पोर्तुगीजच भाषेत, पोर्तुगीजांच्याच घटनेतली तत्त्वं पुढे करून.

मग १९३० साली सालाझार वसाहतींसाठी वेगळा कायदा आणू लागला: वसाहतींवर राज्य करणं आणि तिथल्या लोकांना 'सुसंस्कृत' करणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा धर्मच आहे, असं सांगणारा. जुलै १९३० मध्ये गोव्याच्या विधिमंडळात मिनेझिस ब्रागांझा उठले आणि त्याविरुद्ध ठराव मांडला: पोर्तुगीज भारताला स्वतःचं भवितव्य स्वतः ठरवण्याचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडत नाही. तो ठराव मंजूर झाला. लोहिया मडगावला येण्याच्या सोळा वर्षं आधीची ही गोष्ट. १९१० आधीच्या गोव्यात हे भाषण कुठल्या सभागृहात झालं असतं, मला दिसत नाही.

सत्तरीच्या कुळाला काही मिळालं नाही, हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं घेतो. फ्रान्सिस आणि अनघाताई म्हणतात तेही: मत नाकारलं आणि श्रद्धा दुखावली, म्हणून लिस्बनमध्ये ते कोसळलं. तरी फसली हा शब्द मी वापरणार नाही. राजा परत आला नाही. सालाझारलासुद्धा देशाचं नाव 'पोर्तुगीज प्रजासत्ताक' असंच ठेवावं लागलं.

वसईचा_फ्रान्सिस

शेवटच्या वाक्याशी असहमत. नाव ठेवून आतलं सगळं काढून घेणं सालाझारला राजा परत आणण्यापेक्षा सोयीचं होतं. मान्युएल १९३२ साली इंग्लंडमध्ये निपुत्रिक वारला तेव्हा सालाझारने त्याच्या देहाला लिस्बनमध्ये सन्मानाने आणून राजघराण्याच्या दफनस्थानी ठेवलं. राजेशाहीवाले खूश, प्रजासत्ताकवाले गप्प. मिनेझिस ब्रागांझांबद्दल मात्र वाचायला हवं. त्यांचं लेखन मराठीत कुठे मिळेल?

ॲड_शर्वरी

फ्रान्सिस, पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या पोर्तुगीज वृत्तपत्रांचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. पोर्तुगीज वाचता येत असेल तर आणखी चांगलं. आणि वाटसरू, १९१२ च्या बंडाबद्दल तुमच्या गावात जे सांगतात ते सविस्तर लिहा. त्यावर स्वतंत्र धागा हवा.

सत्तरीचा_वाटसरू

लिहितो. गावातल्या जुन्या माणसांशी बोलून मगच.